विरजणातली तांबडी

पहिल्याच दिवशी मी नर्सच्या मनगटाला चावले. अडुसष्टाव्या वर्षी पुढचे सगळे दात शाबूत असल्याचा मला फार गर्व होता, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. पोरीला रक्त आलं. मग दोघींनी माझे हात पलंगाच्या दांड्यांना पट्ट्यांनी बांधले, तिसरीनं पाय धरले. मी तिघींना आधी तमिळमध्ये शिव्या दिल्या आणि त्या पुरेनात म्हणून मराठीत. पंचवीस वर्षं माझ्या तोंडून विठ्ठलाचं नाव ऐकत आलेली माझी सून पद्मा कोपऱ्यात उभी राहून नुसती लाल होत होती.

मला यातलं काही आठवत नाही. आठवतं ते पोट. आमच्याकडे अंगणात लोखंडी सुळका रोवून त्यावर नारळ सोलतात. नारळ दाबायचा, पिळायचा, सोडण टरकन फाडायचं. तसं कोणीतरी मला त्या सुळक्यावर दाबत होतं, पिळत होतं, आणि सोडत नव्हतं. डॉक्टरनं पोटावर हात ठेवला तर पोट मऊ, लोण्यासारखं. "आजीबाई नाटक करतायत," असं त्यांच्यातलं एक जण म्हणालं. ते मला आठवतं. त्यालाही चावले असते, पण तो लांब उभा होता.

मी अंबुजाबाई. कुंभकोणमची. आमचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांमागे तंजावरला आले आणि परत गेलेच नाहीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून महाराष्ट्रातले पाहुणे गालात हसतात, तेव्हा हे लिखाण नातीनं, मैथिलीनं, टाईप करताना थोडं इस्त्री करून दिलं आहे. सुरकुत्या राहिल्या असतील तर त्या माझ्या.

हे लिहायचं कारण तीच. माझं दुखणं मला झालं त्याचं काही नाही, मी जगून झाले आहे. ते मैथिलीच्या अंगात उतरलं आहे का, आणि उतरलं असेल तर माझ्या नणंदेचं झालं तसं तिचं होऊ द्यायचं का, हा प्रश्न होता. ज्या घरांत बायकांच्या एखाद्या दुखण्याला खास घरगुती शब्द आहे आणि तो शब्द हळू आवाजात बोलतात, त्या घरांनी हे वाचावं.

दोन एकादश्या

दुखणं मी स्वतः बोलावून आणलं. आमच्याकडे मराठी पंचांग येतं. भजनाला जाते तिथल्या मंडळींचं पंचांग तमिळ. त्या महिन्यात एकानं एकादशी सोमवारी धरली, दुसऱ्यानं मंगळवारी. शहाण्या माणसानं एक निवडली असती. पण भजनात एक म्हातारी आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि निर्जळी उपासाच्या बाबतीत भलती ताठ. ती सोमवार धरणार होती. मी म्हटलं, मी दोन्ही धरीन! पाण्याचा थेंब न घेता दोन दिवस. त्यात लघवीला जळजळ होत होती म्हणून मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्याही कोरड्याच गिळल्या.

बुधवारी सकाळी द्वादशीचं पान वाढून समोर आलं आणि मी पानावरच आडवी झाले. त्या म्हातारीनं पारणं करून दोन वाट्या पायसम खाल्लं म्हणे. जिंकली ती.

उपासाचा हा माज माझा जुना. विशीतली अंबुजा आज मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या कानाखाली वाजवीन. सडपातळ, नाकात सात खड्यांची बेसर, आणि चेहऱ्यावर असा भाव की देवानं सल्ला विचारायला हिच्याचकडे यावं. तेविसाव्या वर्षी तिच्या अंगात यायला लागलं. महिन्याच्या महिन्याला, विटाळाच्या आधी, पोटात कळा, डोळ्यांपुढे नाही नाही ते, आणि तोंडानं बडबड. गल्लीतल्या बायका पाया पडायला येत. एकदा मी सासूला सांगितलं की पुढच्या जन्मी तुम्ही पाल होणार आणि ह्याच भिंतीवर राहणार. सगळ्यांनी हात जोडले. सासूनंसुद्धा. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा दवाखान्यात नेलं तर तिथे अपेंडिक्स म्हणून पोट कापलं. अपेंडिक्स निर्दोष निघालं. टाक्यांचे वण मात्र अजून आहेत.

चाळिशीनंतर अंगात यायचं थांबलं. मला वाटलं, देवी प्रसन्न होऊन गेली. मग आली ती एकदम अडुसष्टाव्या वर्षी, दोन एकादश्यांवर.

खिडकीतली पिशवी

जिथे मी चावले त्या गावातल्या नर्सिंग होममधून मला तंजावरच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथे सकाळ पाचला सुरू होते. पुसायला येणारी बाई बादली आपटते, त्या आवाजानं सगळा वॉर्ड जागा होतो. मग रक्त काढणारा, मग इडलीची गाडी, मग डॉक्टरांची फेरी. मी बांधलेलीच. माझ्या उशाशी बसलेल्या लोकांना हाकलत होते. ते लोक नव्हतेच, हे मला नंतर कळलं. एक तर नक्की आमचा शाळेतला गणिताचा मास्तर होता आणि तो माझ्या पोटावर फळा ठेवून खडू ओढत होता. मी त्याला लाथ मारली ती सलाईनच्या स्टँडला लागली. अंगठ्याचं नख उपटलं.

तिसऱ्या दिवशी मनगटं पडली. हात उचलला की पंजा मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबायचा. बोलायला गेले तर आवाज फाटका. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. मरणाची नव्हे. हात असे लोंबले की पुढे श्वास जातो, हे मी एकदा पाहिलं होतं, त्याची.

त्या दुपारी पद्मा शेजारी बसली होती. लघवीची पिशवी पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला लटकवलेली, तिच्यावर ऊन पडत होतं. पद्मा सहज वळली आणि ताडकन उभी राहिली. सकाळी पिवळी असलेली पिशवी दाट जांभळ्या-तांबड्या रंगाची झाली होती, जांभळं कुसकरून भरल्यासारखी.

"अगे बाई, तांबडी!" पद्मा म्हणाली.

तो शब्द आमच्या घरचा. माझ्या सासूचा, तिच्या सासूचा. बायकांचं ते दुखणं आलं की मोरीत ठेवलेलं लघवीचं भांडं उन्हात तांबडं व्हायचं, म्हणून 'तांबडी आली' म्हणायचे. सुनेपुढे तो शब्द मी पंचवीस वर्षांत एकदाही काढला नव्हता. शप्पथ.

"तुला... कोणी सांगितलं?" मी फाटक्या आवाजात विचारलं.

"तुम्हांला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "आडुतुरैला आमच्या घरीं म्हणत होते. माझी मावशी तांबडीनं गेली."

डॉक्टर कयल तेव्हाच आत आली होती. लहानखुरी, केस आखूड, नेहमी घाईत. ती तमिळच बोलते, मी इथे मराठीत उतरवते आहे. तिनं विचारलं, "काय शब्द म्हणालात? दोघीही तोच म्हणताय. अर्थ काय?" पद्मानं अर्थ सांगितला. कयलनं पिशवीकडे पाहिलं, माझ्या लोंबत्या पंजांकडे पाहिलं, आणि दाराकडे वळून इतक्या जोरात ओरडली की इडलीवाला थांबला. "आधीची सगळी औषधं बंद! ग्लुकोज लावा, आत्ता!"

मग माझ्याकडे, पाट्टीकडे म्हणजे आजीकडे, वळून विचारलं, "पाट्टी, तुमच्या घरात कोणी असं गेलंय?"

मी म्हटलं, "नाही."

कमळा

खोटं बोलले. कमळा गेली होती.

कमळा माझी नणंद. आमच्याकडे घरातल्या घरात सोयरीक करतात. मी माहेरची तिरुविडैमरुदूरची, माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी सून म्हणून आले. म्हणजे सासू माझी आत्या, नवरा आतेभाऊ, कमळा आतेबहीण. ती सतराची, मी एकवीसची, माझा श्रीधर मांडीवर. कमळा हसली की सगळं घर वाजायचं. मला ते आवडत नसे. मी पवित्र होते ना.

तिला तांबडी आली तेव्हा घरच्या रिवाजाप्रमाणे मागच्या खोलीत घातली. त्या खोलीला कडी बाहेरून आहे. तांबडीला उपास घालायचा, तीन दिवस काही द्यायचं नाही, म्हणजे ती जाते, असा रिवाज. कडीच्या कुलपाची किल्ली सासूनं माझ्या कमरेला खोचली, कारण उपासातलं मला कळतं!

पहिल्या दिवशी ती ओरडली. दुसऱ्या दिवशी दारावर डोकं आपटत होती, दार आतून थरथरत होतं. मधेच शुद्धीवर आली की फटीशी तोंड आणून म्हणायची, "वैनी, येवढासा गूळ दे गे. मला बरं वाटेल. मला ठाऊक आहे गे." कोणी शिकवलं होतं तिला? तिचं अंग मागत होतं. मी म्हटलं, "उपास मोडलास तर कोणाला सोडायची नाही ती. नाम घे."

संध्याकाळी दार उघडून लघवीचं भांडं आत सरकवायला गेले तर ती माझ्या पायांवर पडली, घोटा धरला, सोडेना. मी घाबरले. ताक करता करता उठले होते, रवी हातातच होती. मी तिला रवीनं मारलं. खांद्यावर, हातांवर, बोटं सुटेपर्यंत. किती वेळा ते मी मोजलं नाही, आणि आता ते आठवत नाही असं म्हणायचा मला हक्क नाही. रवीची पाकळी मोडली. मी दार लावलं आणि मोडकी पाकळी शोधत बसले, कारण सासू रवीबद्दल रागावेल म्हणून. कमळीची नव्हे, रवीची काळजी. अशी ती विशीतली संत अंबुजा.

तिसऱ्या दिवशी खोलीतून आवाज येईना. मला वाटलं, उपास फळला. दार उघडलं तर तिचे हात लोंबते, डोळे माझ्यावर, छाती हलत नव्हती.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या अंगात आलं तेव्हा सासूनं मला कधी कोंडलं नाही. मी बडबडायला लागले की ती वाटीभर साखरपाणी आणायची, माझा जबडा दाबून तोंडात ओतायची आणि रडायची. मी तेव्हा समजायचे, देवीला नैवेद्य दाखवते आहे. ती कधी एक शब्द बोलली नाही. लेकीचं मरण पाहून तिला जे कळलं, ते तिनं मला पाजलं. आणि मी तिला पाल केलं.

ग्लुकोज चढायला लागल्यावर, मग कुठूनसं बर्फात घालून आणवलेलं एक काळपट औषध शिरेतून गेल्यावर, पाचव्या दिवशी माझ्या पोटावरची पकड सुटली. त्या दिवशी मी कयलला बोलावून कमळाचं सगळं सांगितलं. माझे हात पडले ते मी मारलं म्हणूनच, असंही म्हटलं. ती म्हणाली, "पाट्टी, ह्या आजारात न मारणाऱ्यांचेही हात पडतात. नाटक नको. व्यायाम करा." मला ती तेव्हापासून आवडते.

विरजण

आजाराचं खरं नाव लांब आहे. मला ते येत नाही आणि तुम्हांला तुमचा डॉक्टर सांगेल. कयलनं मला सांगितलं ते असं.

"तुम्ही ताक करता ना? विरजण कुठून आणता?"

"कालच्या दह्यातून."

"आणि कालचं परवाच्या. तुमची माणसं तिकडून आली तेव्हा सगळा महाराष्ट्र आला नव्हता. काही घरं आली. एका मोठ्या हंड्यातून चमचाभर दही उचलावं तसं. त्या चमच्यात एखाद्या माणसाच्या रक्तात हा दोष होता. मूळ हंड्यात तो कुठल्या कुठे विरून गेला असता. पण तुम्ही इथे आलात, आणि तीनशे वर्षं त्याच चमच्यानं दही लावत राहिलात. बाहेरचं विरजण नको! मामाची मुलगी, आत्याचा मुलगा. आता तुमच्या किती भांड्यांत ते उतरलंय, कोण सांगणार?"

"म्हणजे आमच्या घराला शाप नाही?"

"शाप नाही. शिवाय घर एकटं तुमचं नाही. तुमच्या सुनेच्या घरीही तोच शब्द आहे. आजार आणि शब्द एकाच बैलगाडीतून आले असणार. पुष्कळांच्या रक्तात तो आयुष्यभर गप्प झोपून राहतो. पण उपास, काही औषधं, बायकांची पाळी, यांनी जागा होतो. आणि तुमचा रिवाज काय? जागा झाला की अजून उपाशी ठेवायचं."

शेवटचं वाक्य तिनं हळूच म्हटलं. तरी मला रवीच्या फटक्यासारखं लागलं.

तिनं एक कार्ड दिलं. कुठली औषधं चालत नाहीत, कळ आली तर काय करायचं, सगळं त्यावर. मग म्हणाली, "आता मुलाची तपासणी. सुनेची. आणि नातीची सगळ्यांत आधी. तिचं वय धोक्याचं आहे."

घर

घरी वॉकर धरून चालत आले आणि पहिल्याच जेवणाला भांडण झालं.

श्रीधर, माझा मुलगा, पितळेच्या समयांचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाशी मध, घरात घण. मैथिलीचं लग्न ठरलं होतं, पद्माच्या भावाच्या मुलाशी, म्हणजे तिच्या मामेभावाशी. पुन्हा तेच विरजण.

"रक्त तपासायचं नाही," श्रीधर म्हणाला. "एकदा कागदावर आलं की गावभर होतं. मग कोण करील तिला?"

"कागदावर नाही आलं तरी रक्तात असेल ते असेलच," मी म्हटलं.

"तुम्ही बोलूं नका आई! तुम्ही दोन एकादश्या केल्यात, त्याची शिक्षा माझ्या लेकीला कां?"

पद्मा वाढत होती. मला वाटलं, आता ही नवऱ्याच्या बाजूनं बोलेल. तिनं सांबाराची पळी इतक्या जोरात पातेल्यात टाकली की त्याच्या शर्टावर शिंतोडे उडाले. "माझी मावशी मेली तेव्हां दोन लेकरं होती तिला. कोणी कागद केला नव्हता. काय वांचलं?"

श्रीधरनं पान उचललं आणि भिंतीवर मारलं. भात भिंतीवरून ओघळला. त्याचा आवाज गल्लीत गेला असणार. मैथिली, तेवीस वर्षांची, इंजिनियर झालेली मुलगी, दाराशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "माझं रक्त आहे ते. मला कोणी विचारलं?" आणि आत गेली.

पण तिनंही तपासणी केली नाही, हे सांगितलं पाहिजे. लग्नानंतर बघू म्हणाली. तरुण माणसाला मरण दुसऱ्याचं वाटतं. मी तिला नावं ठेवणार नाही. माझी तिच्या वयातली अक्कल तुम्ही वर वाचलीच आहे. कार्ड श्रीधरनं माझ्या हातून काढून घेतलं आणि दुकानाच्या कपाटात टाकलं. मी त्याच्या आधीच त्याची प्रत काढून चोळीत ठेवली होती. म्हाताऱ्या बाईची चोळी कोणी तपासत नाही.

डबा

माझं एक चुकलं. मी एकादशीवर डोळा ठेवून होते. मैथिली एकादशी करत नाही, म्हणून निश्चिंत होते. पण लग्नाच्या ब्लाउजसाठी ती 'डायट' करत होती. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, पुन्हा लिंबूपाणी. पंधरा दिवस. निर्जळी नव्हे एवढंच. आमच्या घरी उपासानं नाव बदललं आणि मला ओळखू आला नाही.

सकाळी दहाच्या सुमारास ती न्हाणीघरातून वाकून बाहेर आली. ओकली. भिंतीला धरून खाली बसली. पद्मा बाजारात, श्रीधर दुकानात. घरात मी आणि ती. तिनं डोकं जमिनीवर आपटायला सुरुवात केली, एका तालात, आणि तो ताल मला ओळखीचा होता. सत्तेचाळीस वर्षं मी तो रोज ऐकला आहे.

"आजी," ती म्हणाली, "कायतरी गोड दे गे."

मी स्वयंपाकघरात गेले. गुळाचा डबा एव्हरसिल्व्हरचा, म्हणजे स्टीलचा, झाकण घट्ट, आणि माझी मनगटं अजून अर्धी मेलेली. झाकण निघेना. दातांनी ओढलं. ज्या दातांचा मला गर्व होता त्यातला एक तुटला. मग मी वॉकर फेकून दिला, डबा दोन्ही कोपरांत धरला आणि इडली वाटायच्या दगडी रगड्यावर आपटायला लागले. एकदा. दोनदा. कमळीला जितकं मारलं असेल तितकं त्या डब्याला मारलं. चौथ्या की पाचव्या फटक्याला झाकण उडून छपराला लागलं, गूळ जमिनीवर सांडला. मी गुडघ्यांवर बसून खडे गोळा केले, पाण्यात कुसकरले, माझ्या तोंडातलं रक्त पदराला पुसलं, आणि तिला पाजलं. ओकली. पुन्हा पाजलं. ओकली. पुन्हा.

पद्मा आली, रिक्षा आली, वॉकरसकट मीही आत चढले. नर्सिंग होममध्ये नेईपर्यंत मैथिलीला झटका आला. अंग धनुष्यासारखं ताणलेलं, तोंडाला फेस. ड्यूटीवर एक कोवळा डॉक्टर होता. घाईघाईनं त्यानं झटके थांबवायचं इंजेक्शन भरायला घेतलं. मी कुपीवरचं नाव वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं. माझ्या कार्डावर ते नाव दुसऱ्या ओळीत होतं.

"हे नाही चालत," मी म्हटलं.

"पाट्टी, बाहेर जा."

"नाही चालत!"

"यांना कोणी बाहेर न्या हो!"

नर्सनं माझा दंड धरला. ती तीच होती. मनगटावर माझ्या दातांची खूण असलेली. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे, आणि तिनं दंड सोडला. मी वॉकर उचलून त्या ट्रेवर घातला. सिरिंज, कुप्या, कात्री, सगळं फरशीवर. कोवळा डॉक्टर भिंतीला चिकटला. मी चोळीतून कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं आणि म्हटलं, "आधी ह्या नंबरला फोन कर. मग मला पोलिसांत दे."

फोनवर कयल एवढी ओरडत होती की मला लांबून ऐकू येत होतं. त्यानं दुसरं इंजेक्शन घेतलं. ग्लुकोज लावलं. मैथिलीचं अंग सैल पडलं, आणि छाती हलत राहिली. मी फक्त छातीकडे बघत होते.

श्रीधर धावत आला तेव्हा पिशवी खिडकीत टांगलेली होती. त्यानं तिच्यातला रंग पाहिला. त्यानं स्वतःच्या तोंडात दोन मारून घेतल्या, दोन्ही गालांवर, लहान मुलासारख्या. मग शर्टाची बाही वर करून नर्सपुढे हात धरला. म्हणाला, "माझं पण रक्त घ्या."

कडी

तपासणीत मैथिलीत दोष निघाला, श्रीधरमध्ये निघाला, पद्मामध्ये नाही. लग्न पुढे ढकललं आहे. मुलगाही तपासणी करून घेणार आहे. करायचं की नाही ते नंतर ती दोघं ठरवतील. यावेळी कोणी त्यांच्या वतीनं बोललं नाही. त्या दुखण्यात मैथिलीचेही पाय पडले होते, एक अजून ओढतो. कयल म्हणते, सुटेल. वर्षभर आम्ही दोघी अंगणात वॉकरच्या शर्यती लावत आलो आहोत. मी लबाडी करते.

कार्डाच्या प्रती आडुतुरैला, तिरुविडैमरुदूरला, जिथे जिथे आमचे लोक आहेत तिथे गेल्या. चार घरांनी दार लावून घेतलं. एका म्हातारीनं फोनवर विचारलं, "तुमच्याकडे पण तांबडीच म्हणतां काय गे?"

गेल्या आठवड्यात श्रीधरकडून मागच्या खोलीची कडी काढून घेतली. जुनी पितळेची, दोनशे वर्षांची असेल, खिळे निघेनात. त्यानं पहारीनं उखडली तेव्हा दाराची फळीच फुटून पडली. फळीची आतली बाजू उजेडात आली. खालच्या अंगाला, उंबऱ्यापासून हातभर उंचीवर, नखांचे ओरखडे. श्रीधर म्हणाला, "उंदीर." मैथिली म्हणाली, "नाही अप्पा."

ती पाय ओढत आली, माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "आजी, तेव्हां तू गूळ दिला असतास तर कमळाआजी वाचली असती?"

मी हेच कयलला विचारलं होतं. ती म्हणाली होती, सांगता येत नाही, एवढ्याशा गुळानं भागलं नसतं कदाचित, स्वतःला खाऊ नका. ते सगळं मला सांगता आलं असतं. विशीतल्या अंबुजानं नक्की सांगितलं असतं.

"हो," मी म्हटलं.

मैथिलीनं त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता उठून जाईल. जायलाच हवं होतं. तिनं माझ्या हाताशी कायम असतो तो गुळाचा चेपलेला डबा ओढला, त्याला आता झाकण बसत नाही. एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा माझ्यासमोर धरला.

"आज एकादशी आहे गे," मी सवयीनं म्हणून गेले.

"म्हणूनच," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं.